जुन्नरची पश्चिमेची वेस

पुण्याहून पहांटे निघालें म्हणजे न्याहारीच्या वेळेस जुन्नर गांठतां येतें आणि दिवेलागणीस परत घरीं पोंचतां येतें. अंतर सुमारें ९० ते ९५ किलोमीटरांचें; रस्ता चांगला; चहाफराळाची सोय ठायीं ठायीं. शहरांतील कुटुंबांना एका दिवसाच्या मोटारप्रवासासाठीं याहून सोयीचें ऐतिहासिक गांव सांपडणें कठीण. शिवनेरीवर जावें, शिवजन्मस्थानापुढें मस्तक नमवावें, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचें दर्शन घ्यावें, उतरतांना ताक प्यावें आणि परतावें, असा या सहलीचा ठरलेला क्रम आहे. या क्रमांत वावगें कांहींच नाहीं. मात्र त्यांत एक गोष्ट राहून जाते, आणि ती म्हणजे खुद्द जुन्नर. किल्ला आणि लेणीं यांच्यामध्यें वसलेलें हें गांव बहुतेकांना मोटार उभी करण्याची जागा म्हणूनच काय तें आठवतें.

एखाद्या जुन्या वाड्यांत परसदारानें शिरलेल्या पाहुण्याला विहीर दिसते, गोठा दिसतो, चुलीचा धूर दिसतो. परंतु देवडी, चौक आणि सदर हीं कोणाकडे तोंड करून बांधलीं आहेत हें त्याला उमगत नाहीं. पुण्याकडून जुन्नरला येणाऱ्याची गत कांहींशी अशीच होते. दक्षिणेकडून येणारा हा रस्ता जुन्नरचें परसदार आहे. या नगराचें तोंड पश्चिमेकडे होतें. तें कोंकणाकडे, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे आणि त्यांच्याही पलीकडच्या समुद्राकडे पाहत वाढलें. त्याची खरी वेस गांवापासून तीसएक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. तिचें नांव नाणेघाट.

हें समजण्यासाठीं नकाशाही नको. वाटेवरच्या नद्या मोजल्या म्हणजे पुरे. मोशीला इंद्रायणी लागते, चाकणच्या पुढें भामा, राजगुरुनगरला भीमा, मंचर सोडल्यावर घोड, नारायणगांवाला मीना आणि शेवटीं जुन्नरला कुकडी. सहा नद्या, आणि सहाही सह्याद्रींत उगम पावून पूर्वेस वाहणाऱ्या. आजचा पुणें-नाशिक रस्ता या सर्वांना आडवा छेदून जातो. जुन्या काळच्या व्यापाऱ्याला असें आडवें जाण्याची फारशी गरज नसे. तो नदीच्या कांठाकांठानें जाई. बैलांना पाणी मिळे, चारा मिळे, चढही सौम्य असे. आणि नदीच्या उगमाशीं पोंचलें कीं कड्याच्या एखाद्या खिंडींतून कोंकणांत उतरणारी वाट सांपडे. प्रत्येक खोऱ्याच्या माथ्याला अशी एखादी वाट आहेच. कुकडीच्या खोऱ्याच्या माथ्याला जी आहे, तिनें जुन्नर घडविलें.

वाटेवरचीं गांवें भराभर मागें पडतात. त्यांत चाकणला मात्र क्षणभर थांबावें. मोटारींच्या कारखान्यांनीं आणि मालवाहू गाड्यांच्या रांगांनीं वेढलेल्या या गांवांत संग्रामदुर्गाचे अवशेष अजून उभे आहेत. हा भुईकोट लहानसा. डोंगराचा आधार नाहीं, कड्याचें संरक्षण नाहीं. सन १६६० च्या पावसाळ्यांत शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्यानें त्याला वेढा घातला, तेव्हां फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर शिबंदीनिशीं तो पावणेदोन महिने झुंजविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला आणि ठाणें पडलें. एवढ्याशा कोटासाठीं खानानें एवढा दारूगोळा कां खर्चावा, याचें उत्तर पुन्हां वाटांमध्येंच आहे. पुणें, जुन्नर, अहमदनगर आणि कोंकणांतले घाट यांना जोडणाऱ्या मार्गांवर चाकण बसलें होतें. ज्याच्या हातीं चाकण, त्याला ह्या सर्व मार्गांची वर्दळ दिसे.

पुढें राजगुरुनगर. जुनें नांव खेड. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म येथें १९०८ मध्यें झाला, म्हणून हें नवें नांव. मग खेडचा घाट, मंचरची बाजारपेठ आणि नारायणगांव. नारायणगांव हें तमाशाच्या फडांचें माहेर. हंगाम जवळ आला कीं फडमालकांच्या राहुट्या येथें लागतात आणि गांवोगांवचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. येथून पूर्वेस खोडदला दूरवरच्या ताऱ्यांचा वेध घेणाऱ्या महाकाय रेडिओ-दुर्बिणीचें ठाणें आहे. तिच्या एकंदर ३० अँटेना असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पण तो विषय निराळा. मोटार येथें महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळते, आणि थोड्याच वेळांत समोर डोंगरांचा तो वेढा दिसूं लागतो ज्याच्या कुशींत जुन्नर आहे.

गांवाच्या पश्चिमेस शिवनेरी, दक्षिणेस मानमोडीचा डोंगर, उत्तरेस कुकडीच्या पलीकडे लेण्याद्री, आणि शिवनेरीच्याही मागें तुळजा लेण्यांचा डोंगर. या सगळ्या डोंगरांच्या कड्यांत मिळून दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. अजिंठा-वेरुळची कीर्ति जगभर गेली. परंतु एका गांवाभोंवतीं एवढीं लेणीं दुसरीकडे क्वचितच असतील. तीं बहुतेक इसवी सनाच्या आगेंमागें दोन-तीन शतकांत कोरलीं गेलीं. चित्रें नाहींत, शिल्पांचा थाट नाहीं. चौकोनी खोल्या, दगडी ओटे, पाण्याचीं टांकीं, मधूनच एखादें चैत्यगृह. तुळजा लेण्यांतलें चैत्यगृह वर्तुळाकार आहे. स्तूपाभोंवतीं बारा साधे अठपैलू खांब उभे आहेत आणि त्यांवर घुमट. सहलीच्या गर्दींतला एखादाच मनुष्य तेथवर जातो.

ह्या लेण्यांची खरी श्रीमंती त्यांच्या भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत आहे. एखाद्या गांवानें आपल्या उत्कर्षाच्या काळचें वर्गणीचें पुस्तक दगडावर लिहून ठेवावें, तसे हे लेख. लेण्याद्रीवर जें मोठें चैत्यगृह आहे त्याच्या दात्याचें नांव सुलसदत्त. तो हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा; आणि राहणारा कल्याणचा. कल्याणच्या पेढीवरचा पैसा घाट चढून येथें आला आणि त्याचें चैत्यगृह झालें. त्याच ओळींत पुढच्या दालनांत आज अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज विराजमान आहे. सुमारें तीनशें पायऱ्या चढून गणपतीपुढें हात जोडणारा भाविक ज्या सभामंडपांत उभा राहतो तो मुळांत बौद्ध भिक्षूंचा विहार होता. त्याच्या तिन्ही भिंतींतल्या खोल्या भिक्षूंच्या निवासासाठीं होत्या. देव बदलले, परंतु दगडाचें छत तेंच राहिलें, आणि दोन्ही काळच्या माणसांनीं तेथें पादत्राणें काढूनच प्रवेश केला असेल.

धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि एक टांकें दिलें, असा एक लेख सांगतो. बुरुडांची आणि कासारांची श्रेणी दुसऱ्या लेखांत भेटते. अडुथुम नांवाच्या शकानें करंज आणि वड लावण्यासाठीं जमीन लावून दिली, असें तिसऱ्यांत आहे. ह्या रुक्ष नोंदी शांतपणें ऐकल्या तर त्यांतून गजबजलेली पेठ उभी राहते: धान्याच्या राशी, तांब्या-पितळेचा ठणठणाट, सुपें-टोपल्यांचे ढीग, आणि झाडें लावायला पैसे देणारा एक उपरा माणूस.

उपरे आणखीही आहेत. जुन्नरच्या लेण्यांतले तीन लेख यवनांचे आहेत. इरिलानें दोन टांकीं दिलीं, चिटानें संघासाठीं भोजनमंडप दिला, चंदानें लेण्याचा दर्शनी भाग दिला. यवन म्हणजे त्या काळीं पश्चिमेकडून आलेले ग्रीक अथवा त्यांच्याशीं नातें सांगणारे लोक. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसांनीं येथें काय दिलें पाहा: पाणी, जेवणाची जागा आणि दरवाजा. प्रवासांत ज्याला तहान, भूक आणि मुक्काम यांची चिंता वाहावी लागली त्यानेंच हीं दानें निवडावींत, यांत नवल नाहीं. मानमोडीच्या डोंगरांत नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यांतही टांकें आणि मंडप यांचेंच दान आहे. आणि वर्ष ४६ असें नोंदलेलें आहे. म्हणजे त्या वर्षीं जुन्नरवर सातवाहनांचा अंमल नव्हता, क्षत्रपांचा होता.

ह्या सत्तापालटाचें कारणही घाटांतच शोधावें लागतें. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ हें समुद्रमार्गांचें माहितीपुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, पूर्वींच्या राजाच्या वेळीं कल्याण हें रीतसर बंदर होतें. पण पुढें तेथला व्यापार अडविण्यांत आला, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात. कल्याणची अशी नाकेबंदी झाली म्हणजे घाटावरच्या जुन्नरचा घसा आवळल्यासारखेंच होतें. सातवाहन आणि क्षत्रप यांचीं युद्धें ग्रंथांत राजवंशांचीं युद्धें म्हणून येतात. त्यांच्या तळाशीं जकातीचा आणि बंदराचा प्रश्न होता. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पाडाव केला, त्याचा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्यें सांपडला. तेथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं मिळालीं, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला शिक्का पुन्हां उठविला होता.

आतां त्या वेशीकडे जावें. जुन्नरहून आपटाळे, चावंड अशा गांवांवरून रस्ता घाटघरला जातो. डाव्या-उजव्या बाजूंना हडसर, चावंड, जीवधन हे किल्ले एकामागून एक उभे राहतात. हे सगळे एका वाटेचे राखणदार. शिवनेरी हा त्यांतला शेवटचा आणि गांवाच्या सर्वांत जवळचा. वाटेंत पूर येथें कुकडेश्वराचें जुनें देऊळ आहे. कुकडी नदी याच परिसरांत उगम पावते. घाटघरच्या पुढें पठार एकाएकीं संपतें. कड्याला एक अरुंद चीर पडलेली आहे, आणि त्या चिरेंतून दगडांत बसविलेली वाट खालीं कोंकणांत, वैशाखऱ्याकडे उतरते. बाजूला ‘नानाचा अंगठा’ नांवाचा सुळका. तोंडाशीं एक मोठा दगडी रांजण आहे. उतरणाऱ्या-चढणाऱ्या व्यापाऱ्यांनीं जकातीचीं नाणीं त्यांत टाकावींत, असा त्याचा उपयोग होता असें लोकपरंपरा सांगते, आणि घाटाच्या नांवाची व्युत्पत्तीही तीच देते. रांजण नाण्यांचा असो कीं पाण्याचा असो, जकात मात्र खास होती. एवढा रस्ता खोदणाऱ्या राजानें तो फुकट वापरूं दिला असेल असें मानायला व्यवहारज्ञान आड येतें.

चिरेंतून थोडें उतरल्यावर डाव्या हाताला जें लेणें लागतें तें पाहण्यासाठीं एवढा प्रवास करावा. दालन साधें, चौकोनी. दोन्ही बाजूंच्या भिंती अक्षरांनीं भरलेल्या. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा हा लेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. राजा निवर्तल्यावर व्रतस्थ राहून, महिनामहिना उपवास करून जगणाऱ्या या राणीनें आपण व आपल्या पतीनें केलेल्या यज्ञांची यादी येथें कोरविली: अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध आणि आणखी कित्येक. प्रत्येकापुढें दक्षिणेचा हिशेब आहे. एका यज्ञाच्या दक्षिणेंत १७०० गाई आणि १० हत्ती असल्याची नोंद आहे. या हिशेबामुळें लेखाला दुसरेंच महत्त्व आलें. त्यांतले आंकडे हे भारतांतल्या सर्वांत जुन्या आंकड्यांपैकीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत कर्नल साइक्सनें हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला आणि पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतल्या अंकचिन्हांचा उलगडा केला. आज घरोघरीं वाण्याच्या यादीवर जे आंकडे मांडले जातात त्यांचे पूर्वज ह्या खिंडींतल्या भिंतीवर आहेत.

राणीनें हा लेख देवळांत किंवा राजवाड्यांत न कोरवितां डोंगरातल्या खिंडींत कां कोरविला? एक तर तेथून सगळें जग जात होतें. कल्याणचा सोनार, यवन सार्थवाह, पैठणचा वाणी, तांड्याचा नाईक, भिक्षु, हेर, परराज्याचा वकील, यांपैकीं कोणालाही ह्या दारांतून जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें. देशावर पाऊल टाकतांच येथें राज्य कोणाचें, तें किती श्रीमंत आणि त्याची सत्ता कोणत्या कर्मांवर उभी आहे, हें प्रत्येकाला दारांतच कळावें. दुसरें असें कीं, ज्या पैशांतून ते यज्ञ झाले त्यांतला मोठा वांटा ह्याच वाटेनें आला असला पाहिजे.

मधल्या शतकांचा वृत्तान्त थोडक्यांत आटपतां येतो. सातवाहन गेले, रोमच्या साम्राज्याशीं असलेला समुद्रव्यापार मंदावला, लेणीं कोरणें थांबलें. परंतु मीठ वर यायचें आणि धान्य खालीं जायचें, हा क्रम कोणत्याही साम्राज्यावर अवलंबून नव्हता. बहामनी काळांत जुन्नर पुन्हां ठसठशीतपणें दिसूं लागतें, आणि तेंही एका रशियन व्यापाऱ्याच्या नजरेनें.

त्याचें नांव अफनासी निकितीन. त्व्हेर नगरीचा हा मनुष्य कास्पियन समुद्र, इराण, होर्मुझ असा फिरत सन १४७० च्या आसपास चौलला उतरला. बरोबर एक उमदा घोडा होता; हिंदुस्थानांत घोड्याला चांगली किंमत येते म्हणून त्यानें तो समुद्रावरून आणला होता. घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळा सुरू झाला. दिवसरात्र पाऊस आणि चिखल, असें वर्णन त्यानें केलें आहे. घोड्यांना येथें वाटाणे आणि खिचडी चारतात, याचें त्याला मोठें नवल वाटलें. शिवनेरीचा डोंगर पाहून त्यानें लिहिलें कीं, हें नगर खडकावर वसलें आहे, माणसांनीं तटबंदी न करतांही तें भक्कम आहे, आणि वर जाण्याची वाट अशी अरुंद कीं दोन माणसें शेजारीं शेजारीं जाऊं शकत नाहींत. जुन्नरच्या असदखानानें त्याचा घोडा काढून घेतला. आपला धर्म स्वीकारशील तर घोडाही देईन आणि वर हजार मोहरा देईन, नाहीं तर घोडा गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल होतील, असें खानानें त्याला सांगितलें. चार दिवसांची मुदत मिळाली. त्या चार दिवसांत परक्या देशांत, चिखलपाण्यांत, आपल्या भाषेचा एकही माणूस जवळ नसतांना त्यानें काय सोसलें असेल! सुदैवानें खोरासानचा एक ख्वाजा महंमद तेथें आला. त्यानें खानाकडे रदबदली केली, आणि निकितीनला धर्मही राहिला व घोडाही परत मिळाला. एक मुसलमान सरदार घोडा हिरावतो आणि दुसरा मुसलमान सोडवून देतो. निकितीननें दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणें लिहून ठेवल्या आहेत.

पुढें वीस वर्षांच्या आंत ह्याच जुन्नरांत एक राज्य जन्माला आलें. मलिक अहमद हा येथला सुभेदार. त्यानें शिवनेरी घेतली, आसपासचे किल्ले घेतले आणि १४९० मध्यें बहामनी सुलतानाचें जूं झुगारून निजामशाहीची स्थापना केली. प्रारंभीं राजधानी जुन्नरच होती. परंतु त्याला पूर्वेकडे, दौलताबादेकडे लक्ष ठेवावयाचें होतें, म्हणून त्यानें अहमदनगर वसविलें आणि तिकडे बिऱ्हाड हलविलें. जुन्नरच्या पदरीं राजधानीपण फार दिवस टिकत नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें बुडत्या निजामशाहीला सांवरतांना कांहीं काळ येथून कारभार हांकला, आणि तोही पुढें निघून गेला. गांवाबाहेरचे हबशी महाल आणि सौदागर घुमट त्या दिवसांची साक्ष देत उभे आहेत.

निजामशाहीच्या शेवटच्या वादळांत शहाजीराजांनीं जिजाबाईंना शिवनेरीवर सुरक्षित ठेवलें, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजीं तेथें शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. तें वर्ष दख्खनला भयंकर गेलें. पाऊस फसला, आणि पुढच्या दोन वर्षांत दुष्काळ आणि रोगराई यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. शिवाईच्या नांवावरून ठेवलेल्या त्या बाळाचीं पहिलीं वर्षें अशा उजाड मुलखांत गेलीं.

यापुढची गोष्ट सहलीच्या गडबडींत क्वचितच कोणी सांगतो. निजामशाही बुडाली आणि शिवनेरी मोगलांकडे गेली. आणि शिवाजीमहाराजांच्या हयातींत ती स्वराज्यांत आली नाहीं. ज्यानें शेंकडों किल्ले बांधले, जिंकले, तहांत दिले आणि पुन्हां घेतले, त्याला आपली जन्मभूमि घेतां आली नाहीं. प्रयत्न झाला नाहीं असें नव्हे. १६५७ च्या उन्हाळ्यांत मराठ्यांनीं रात्रीं दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आंत प्रवेश केला. रोकड तीन लाख होन आणि दोनशें घोडे हातीं लागले, असें सभासद सांगतो. शहर लुटलें गेलें. परंतु वरचा किल्ला हलला नाहीं. त्यापूर्वीं थोडींच वर्षें महादेव कोळ्यांनीं मोगली अमलाविरुद्ध बंड केलें होतें. तें चिरडून पकडलेल्यांचीं मुंडकीं गडावर मारलीं. तो चौथरा आजही दाखवितात. जन्मस्थानाची इमारत पाहून परतणाऱ्यांपैकीं किती जण त्या चौथऱ्यापाशीं थांबतात, हें पाहण्यासारखें आहे.

१६७५ मध्यें फ्रायर नांवाचा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला आला. येतांना त्याला चुकीच्या, अवघड वाटेनें चढावें लागलें. शिवनेरीवर एक हजार कुटुंबांना सात वर्षें पुरेल एवढा सांठा आहे, असें त्यानें नमूद केलें आहे. महाराजांना किल्ला कां मिळाला नाहीं याचें अर्धें उत्तर या एका वाक्यांत आहे. परततांना फ्रायर नाणेघाटानें उतरला. माथ्यावर त्याला मिठानें लादलेल्या बैलांच्या तांड्याला वाट द्यावी लागली. नागनिकेच्या लेखानंतर सतरा शतकें उलटली होतीं. दगडी वाट तीच होती, आणि मीठ अजून तिच्यावरूनच वर येत होतें.

मग ही वेस ओस कशी पडली? कोणत्याही लढाईनें ती पाडली नाहीं. १८१८ मध्यें पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल आला. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्यें तेथूनच आगगाडी पुण्याकडे जाऊं लागली, आणि दुसरा फांटा थळघाटानें इगतपुरीकडे गेला. बैलाच्या खुराला पायरी चालते. गाडीच्या चाकाला ती चालत नाहीं. नाणेघाट पायऱ्यांचा होता. मुंबईचा माल दक्षिणेला बोरघाटानें आणि उत्तरेला थळघाटानें चढूं लागला, आणि दोहोंच्या मध्यें जुन्नर नेमकें राहून गेलें. एका पिढींत पुणें आणि नाशिक हीं टोंकें झालीं, आणि जुन्नर त्यांना जोडणाऱ्या रस्त्याच्याही बाजूला पडलें.

गांवाचा कागदाचा धंदाही असाच गेला. ‘जुन्नरी कागद’ हा पेशवाईच्या दफ्तरांत मानाचा कागद होता. कागदी लोक जुनें गोणपाट आणि चिंध्या कुजवून, कुटून लगदा करीत, तो सांच्यावर धरीत, वाळवीत, आणि मग गुळगुळीत दगडानें घोटून त्याला तकाकी आणीत. गिरणीचा स्वस्त कागद बाजारांत आला आणि हा उद्योग बसला. मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल पत्रें चाळतांना संशोधकांच्या बोटांना लागणाऱ्या कागदांत जुन्नरचा वांटा मोठा आहे.

आतां दिवस पुन्हां बरे आले आहेत असें दिसतें. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं एकविसाव्या शतकाच्या आरंभीं गांवांत उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आणले. २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश केला आणि त्यांत शिवनेरी आहे. यापुढें मोटारी वाढतील. तेव्हां सहलीचा क्रम थोडा बदलावा: सकाळचें ऊन कोंवळें असतांना गड आणि लेण्याद्री उरकावें, दुपारीं गांवांत जेवावें, आणि मग परत फिरण्याऐवजीं पश्चिमेचा रस्ता धरावा. पावसाळ्यांत धुकें असतें आणि गर्दीही असते. मार्गशीर्ष-पौषांत हवा स्वच्छ असते, आणि कड्यावरून खालचें कोंकण दूरवर दिसतें.

लेण्यांत शिरल्यावर समोरच्या भिंतीकडे पाहावें. तेथें एका काळीं सातवाहनांच्या राजघराण्याच्या मूर्ति ओळीनें उभ्या होत्या: सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, राजकुमार, आणि राणीचा पिता महारठी त्रणकयिर. भारतांत राजकुळाच्या प्रतिमा एवढ्या जुन्या काळीं कोरविल्याचीं उदाहरणें फार थोडीं. मूर्ति आतां नाहींत. वर प्रत्येकाचें नांव तेवढें शिल्लक आहे आणि खालीं कोठें कोठें पावलांच्या खुणा आहेत. नांव वर, पावलें खालीं, आणि मधला दगड रिकामा. हात न लावतां पाहावें. दोन हजार वर्षांच्या वाऱ्यापावसानें जेवढें नुकसान केलें नाहीं तेवढें अलीकडच्या खिळ्यांनीं आणि खडूंनीं केलें आहे.

सूर्य मावळण्यापूर्वीं घाटघर सोडलेलें बरें. डोंगरांतला रस्ता अंधारांत अवघड, आणि जुन्नरच्या उंसांत बिबट्यांचा वावर आहे. जुन्नर येईतों गांवांत दिवे लागलेले असतात. नारायणगांवाला मोटार पुन्हां महामार्गाला लागते आणि मीना, घोड, भीमा, भामा, इंद्रायणी असे पूल एकामागून एक ओलांडीत पुण्याकडे धांवूं लागते. अंधारांत पाणी दिसत नाहीं. कठड्याचा बदललेला आवाज तेवढा कानावर येतो.